ताकद आणि दमसास एकत्र: गोव्याच्या हवेत वजनं आणि धावणं कसं बसवायचं?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

जिममध्ये विचारलं तर सांगतात, धावलात की मांडी वितळणार. धावणाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, स्क्वॅट केले की पाय जड. दोघेही आपापल्या बाजूने थोडे बरोबर आहेत, म्हणून हा वाद मिटत नाही.

इथे नीट मांडणी व्हावी असं वाटतं. डोळ्यांसमोर धरायचा माणूस असा: वय 30 ते 50, नोकरी, आठवड्याला जेमतेम पाच तास. जिममध्ये बारबेल आणि रॅक आहे, बाहेर मिरामार नाहीतर गावचा रस्ता. स्क्वॅट-डेडलिफ्ट वाढत राहावं आणि 10 किमी न थांबता धावता यावं, एवढंच मागणं. प्रश्न तीन. आधी काय, नंतर काय? कशाचं प्रमाण किती? आणि इथल्या दमट हवेत पुस्तकी आकडे किती चालतात?

"मी सहा महिन्यांत अमुक किलो उतरवले" छापाचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर. इथे आकडे आणि कारणं द्या.

लोखंडी_नारळ

आधी ही भीती आली कुठून ते बघू. 1980 साली रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला फक्त वजनं, आठवड्यात पाच दिवस. दुसऱ्याला फक्त दमाचा व्यायाम, सहा दिवस, सायकलवरचे इंटरव्हल (जोरात-सावकाश अशा फेऱ्या) आणि धावणं आलटून-पालटून. तिसऱ्याला दोन्ही, काहीही कमी न करता. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. पायांची ताकद मात्र सहा-सात आठवडे वाढली, मग थबकली आणि शेवटी शेवटी घसरली. तिथून "कार्डिओ ताकद खातो" हे वाक्य जगभर फिरायला लागलं.

पण त्या गटाची बेरीज करा. पाच अधिक सहा, म्हणजे आठवड्यात अकरा सत्रं, आणि त्यातली बहुतेक दमछाक करणारी. आपला माणूस पाच सत्रांच्या पुढे जात नाही. नंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब असं सांगतो की स्नायूंचा आकार आणि कमाल ताकद यांना मध्यम प्रमाणातल्या कार्डिओने फारसा धक्का बसत नाही. मार पडतो तो स्फोटक ताकदीला, म्हणजे उडी, स्प्रिंट, क्लीनसारख्या झटक्याच्या उचलींना. आणि दोन्ही एकाच सत्रात उरकलं तर जास्त.

पेशीतल्या एमटॉर (स्नायू वाढवणारा संकेत) आणि एएमपीके (ऊर्जा कमी पडल्याचा संकेत) यांच्या भांडणावर लांबलचक व्हिडिओ आहेत. प्रयोगशाळेत ते दिसतं, पण आठवड्याला पाच तास व्यायाम करणाऱ्याचा स्क्वॅट अडला असेल तर कारण बहुधा जास्त साधं असतं: थकलेले पाय, कमी जेवण, कमी झोप. त्यातलं एक तरी सापडेपर्यंत पेशीत शिरू नये.

क्रमाबद्दल: एकाच सत्रात दोन्ही करायचं असेल तर वजनं आधी. दहा मिनिटांचा हलका वॉर्म-अप कार्डिओत धरायचा नाही. दोन सत्रं वेगळी करता आली तर मध्ये निदान सहा तास ठेवा, सकाळ-संध्याकाळ उत्तम. शर्यत तोंडावर आली असेल आणि धावणं हेच मुख्य असेल तर क्रम उलटा, पण मग त्या महिन्यात स्क्वॅटकडून वाढीची अपेक्षा धरू नये.

पेडण्याचा_धावक

एक भर. सगळा कार्डिओ सारखा नसतो. धावताना प्रत्येक पावलाला मांडी आणि पोटरी ताण सहन करत लांबतात, त्यातून स्नायूंची बारीक झीज होते. सायकल किंवा रोअरवर (वल्हवण्याचं यंत्र) हा धक्का नाही. म्हणून तेवढ्याच मिनिटांचं धावणं पायांच्या ताकदीला सायकलपेक्षा जास्त जड जातं. ज्याला 10 किमी धावायचंच आहे त्याने धावण्याला पर्याय शोधू नये, पण इंटरव्हल सायकलवर आणि सावकाश मैल पायांवर अशी वाटणी करता येते.

दुसरं, धावणारे वजनांना भितात ते उगाच. 15-20 रेप्सचे (सलग उचलींचे) हलके सेट करून पाय नुसते दमतात. जड वजन, 3 ते 6 रेप्स, सेटमध्ये दोन रेप्स राखीव, दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती, अशा कामाने त्याच वेगाला कमी ऊर्जा लागते. शरीराचं वजनही फारसं वाढत नाही.

मांडवीकाठ

छान. आता आठवडा मांडा कोणीतरी. "तुमच्या सोयीने बसवा" नको.

लोखंडी_नारळ

घ्या.

सोमवार: सुट्टी, किंवा अर्धा तास चालणं.

मंगळवार, 60 मिनिटं: स्क्वॅट 3 सेट × 5. बेंच प्रेस 3 × 6. एका हाताचा डंबेल रो 3 × 10. उभ्याने काफ रेज (टाचा उचलणं) 3 × 12, वर एक क्षण थांबून, खाली सावकाश.

बुधवार, 40 मिनिटं: सावकाश धाव. सावकाश म्हणजे काय ते खाली.

गुरुवार, 85 मिनिटं: ओव्हरहेड प्रेस 3 × 6, पुलअप 3 सेट (जमत नसतील तर रबर बँड लावून किंवा लॅट पुलडाउन), पुशअप, बसून केबल रो. त्यानंतर सायकलवर 4 × 4: दहा मिनिटं हलकं, मग चार मिनिटं जोरात आणि तीन मिनिटं सावकाश असं चार वेळा, शेवटी पाच मिनिटं हलकं. चौथ्या फेरीनंतरची तीन मिनिटं धरायची नाहीत, म्हणजे चाळीस मिनिटांत आटपतं.

शुक्रवार, 55 मिनिटं: डेडलिफ्ट एक जड सेट × 5, मग दहा टक्के वजन उतरवून 2 × 5. बल्गेरियन स्प्लिट स्क्वॅट प्रत्येक पायाला 2 × 8. पोट-कंबरेसाठी प्लँक किंवा पॅलॉफ प्रेस.

शनिवार: सुट्टी.

रविवार, 65 मिनिटं: लांब धाव, सावकाश.

एकूण पाच तास पाच मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस हालचाल, आणि दोन किंवा जास्त दिवस स्नायूंचं काम. हा आराखडा त्यात आरामात बसतो.

वजन कसं वाढवायचं: स्क्वॅट-डेडलिफ्टला आठवड्याला 2.5 किलो, बेंच-प्रेसला 1.25. बऱ्याच लहान जिममध्ये सव्वा किलोहून लहान प्लेट नसते, त्यामुळे बारवर कमीत कमी अडीच चढतात आणि ओव्हरहेड प्रेस हमखास तिथेच अडतो. अर्ध्या-पाऊण किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या पिशवीत ठेवा. शिवाय जुन्या गंजक्या प्लेटांवरचा आकडा आणि खरं वजन यात फरक असतो, म्हणून रोज त्याच प्लेट वापरा.

60 किलोचा स्क्वॅट असेल तर चढण अशी: रिकामा 20 किलोचा बार × 8, 40 × 5, 50 × 3, मग 60. रविवारी लांब धावलेल्या पायांना ही चढण लागतेच, इथे घाई करणारे पहिला कामाचा सेट वाया घालवतात.

डिचोली_डंबेल

गुरुवारी पाय जाळून शुक्रवारी डेडलिफ्ट? हे भांडणार नाहीत का?

लोखंडी_नारळ

भांडण कमी व्हावं म्हणूनच इंटरव्हल सायकलवर. सायकल दमवते ती मुख्यतः मांडीच्या पुढच्या भागाला, डेडलिफ्टचा भार मागच्या साखळीवर (पाठ, नितंब, मांडीची मागची बाजू) जास्त. तरी दोन आठवडे डेडलिफ्ट जागचं हललं नाही तर 4 × 4 मंगळवारी संध्याकाळी न्या, स्क्वॅटनंतर सहा तासांनी. तत्त्व एवढंच की अवघड काम एकाच दिवशी कोंबा आणि मधले दिवस खरोखर हलके ठेवा. रोज थोडं थोडं कठीण केलं की रोजच अर्धवट थकवा राहतो, आणि मग वजनंही वाढत नाहीत, वेगही नाही.

एक गोष्ट मात्र टाळा: शनिवारी लंजेस किंवा रोमानियन डेडलिफ्टचे जास्त रेप्स. अशा कामाची ठणक 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असते, म्हणजे रविवारची धाव गेली.

डिचोली_डंबेल

मग हा सगळा सावकाश मैलांचा पसारा कशाला? आठवड्यात तीन वेळा वीस मिनिटं एचआयआयटी (थोडा वेळ अगदी जोरात, मध्ये विश्रांती), काम फत्ते.

पेडण्याचा_धावक

वीस मिनिटांचं खरं एचआयआयटी आठवड्यात तीन वेळा आणि त्याच आठवड्यात दोन दिवस जड पाय, हे करून बघणारे दोन प्रकारचे असतात. काही तिसऱ्या आठवड्यात अडतात. बाकीच्यांचं एचआयआयटी मुळात तीव्र नसतंच, बर्पी आणि माउंटन क्लाइंबरचा गोंधळ असतो, ज्यात हृदयाआधी खांदे दमतात.

सावकाश मैलांचं काम वेगळं. त्यातून हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त वाढतं, स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढतात, आणि हे सगळं पाय न मोडता. त्याचा फायदा वजनांनाही: दोन सेटमध्ये श्वास लवकर जागेवर येतो.

सावकाश ओळखायचं कसं? सगळ्यात भरवशाची कसोटी बोलण्याची. पूर्ण वाक्य, मध्ये श्वास न तोडता, म्हणता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर फार हळू, दोन-दोन शब्दच निघत असतील तर फार जोरात. आकडा हवा असेल तर कमाल ठोके अंदाजे 208 वजा वयाच्या 0.7 पट. वय 40 असेल तर 208 − 28 = 180. त्याच्या 60 ते 70 टक्के, म्हणजे 108 ते 126, ही सावकाश पट्टी. 4 × 4 मधली चार मिनिटं 90 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 162 च्या पुढे-मागे, आणि तिथवर पोचायला पहिली दीड-दोन मिनिटं जातात, म्हणून सुरुवातीलाच फुटू नये. सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याचे खरे कमाल ठोके दहाने इकडे-तिकडे सहज असतात.

मनगटी घड्याळाचं एक खूळ: काही वेळा ते ठोक्यांऐवजी पावलं मोजतं. सावकाश धावताना आकडा अचानक 165-170 वर जाऊन तिथेच चिकटला आणि तुम्ही मजेत बोलताय, तर घड्याळ खोटं. केटलबेल किंवा बार घट्ट धरला तरी आकडा बिघडतो. छातीचा पट्टा बरा.

वाफारा

आता तिसऱ्या प्रश्नाकडे, कारण बाहेरचे तयार आराखडे इथे फसतात ते याच्यामुळे.

घाम येऊन थंडावा मिळत नाही, घाम वाळून मिळतो. हवेत आधीच वाफ भरलेली असली की घाम नुसता ठिबकतो. मग शरीर रक्त कातडीकडे वळवतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि तोच वेग टिकवायला ठोके वाढतात. 40 मिनिटं एकाच वेगाने धावलात तरी शेवटच्या दहा मिनिटांत ठोके दहा-पंधराने चढलेले दिसतील. हे दम कमी झाल्याचं लक्षण नव्हे.

म्हणून एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये वेगाचा आकडा विसरा, ठोके आणि बोलणं धरा. थंड हवेत एक किमी साडेसहा मिनिटांत होत असेल तर इथे साडेसात होईल, कधी मध्ये चालावंही लागेल. चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल. त्यात काही कमीपणा नाही. वेग जपायला गेलात तर कागदावर "सावकाश" लिहिलेला बुधवार प्रत्यक्षात कठीण दिवस होतो, आणि शुक्रवारचं डेडलिफ्ट अडलं की दोष मिळतो "कार्डिओ"ला. माझ्या मते इथल्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच. उकाडा हाही व्यायामाचा भारच आहे, तो हिशेबात लिहा.

सवय होते. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उकाड्यात हलकं काम केलं की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि कमी खारट होतो. महिनाभर एसी ऑफिस आणि एसी जिम केलं की ही सवय जाते.

पाणी किती ते अंदाजाने नको. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. तासात 1 किलो उतरलं आणि मध्ये 300 मिली प्यायलात, तर घाम 1.3 लिटर. उतार शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायचा, 70 किलोच्या माणसाला 1.4 किलो. उलट, धावून वजन वाढलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात, आणि त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचं.

घामाच्या एका लिटरमध्ये साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक बरंच कमी-जास्त. काळ्या बनियनवर पांढऱ्या रेषा उमटतात ते जास्त खारट घामाचे. एक लिटर पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकलं की साधारण एक ग्रॅम सोडियम होतं. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणून एक तासाहून लांब धावेनंतर त्यात चिमूटभर मीठ टाका. कोकम सरबत मीठ-साखर घालून केलं तर विकतच्या रंगीत बाटलीची गरज उरत नाही.

आणि एक गंभीर गोष्ट. उन्हात धावणारा बरळायला लागला, अडखळला, उगाच चिडला, तर उष्माघात धरून चालायचं, घाम येत असला तरी. आधी थंड करायचं, मग हलवायचं: सावली, कपडे सैल, टबात किंवा पिंपात गळ्यापर्यंत गार पाणी, बर्फ असेल तर बर्फ. ते नसेल तर नळीने सतत पाणी आणि वारा. एकाने 108 लावायचा, बाकीच्यांनी पाणी मारायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजायचं नाही.

सुकती_भरती

मिरामार, कोलवा, मोरजी इथे वाळूवर धावणाऱ्यांसाठी. मऊ वाळूत धावायला कठीण जमिनीच्या सुमारे 1.6 पट ऊर्जा लागते, चालायला तर दुपटीहून जास्त. म्हणजे तिथली "सावकाश धाव" सावकाश राहतच नाही. ओहोटीच्या वेळची ओली घट्ट पट्टी निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटे पडते आणि पट्टीही रुंद असते. पुढे वेळ रोज पाऊण-एक तासाने सरकते. भरतीचं वेळापत्रक बघून रविवार ठरवा, नाहीतर उतरत्या कडेवर धावावं लागतं.

उतार हाच खरा दुष्ट. एक पाय सतत खाली, एक वर, पाच किमीत खुब्याचा बाहेरचा भाग आणि गुडघा बोलायला लागतो. गेलात त्याच वाटेने परत या म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं.

फोंडेकरीण

त्यात अनवाणी धावण्याचं भरीला घालू नका. बुटांची सवय असलेल्याची टाच वाळूत खोल जाते, पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो. सुरुवात पाच मिनिटांपासून, आठवड्यातून दोनदा, तीही स्क्वॅट-काफच्या दुसऱ्या दिवशी नको.

कुठे दुखतं त्यावरून काय बदलायचं, थोडक्यात. सकाळी पहिल्या पावलांना टाचेमागे आखडतं, चालल्यावर सुटतं: स्नायुबंधावर भार लवकर वाढला. पूर्ण आराम नको, धावणं निम्मं, चढ आणि उड्या बंद, काफ रेज सावकाश आणि वजन घेऊन चालू. नडगीच्या आतल्या कडेला लांब पट्टा दुखतो: मैल लवकर वाढले, आठवडाभर सायकल. पण नडगीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो, त्यावर "वॉर्म-अप झाला की बरं वाटतं" हा न्याय लावू नये. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं: स्क्वॅट बंद करण्याआधी खोली थोडी कमी करा, उतारावरून धावणं टाळा, पावलं लहान आणि जलद करा.

बूट: जाड मऊ तळव्याच्या धावण्याच्या बुटांत जड स्क्वॅट नको, टाच डुलते. सपाट कॅनव्हासचे चालतात, नाहीतर अनवाणी, जिमवाल्याची हरकत नसेल तर.

आणि एक इशारा, खास करून मोठ्या सुट्टीनंतर एकदम शंभर स्क्वॅटचं आव्हान घेणाऱ्यांना. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू सुजून, हात-पाय वळेनासे होऊन लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर सरळ इस्पितळ. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडावर येतं, उकाडा आणि कमी पाणी यांनी ते आणखी वाढतं.

मांडवीकाठ

जेवणाचं कोण बोलतंय? चवथीनंतर सगळ्यांना हाच प्रश्न पडतो.

आळसांदे

दोन्ही प्रकारचा व्यायाम करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे भात तोडणं. वजन उतरवायच्या नादात कर्बोदकं कापतात आणि गुरुवारच्या चार मिनिटांना पायात काही उरत नाही.

प्रथिनं: शरीराच्या दर किलोला 1.6 ग्रॅम पुरेसं. 68 किलोला साधारण 110 ग्रॅम, तीन-चार जेवणांत वाटून. दोन मध्यम बांगडे, काटे सोडून दीडशे ग्रॅम मांस धरलं तर 28 ते 30 ग्रॅम. अंडं एक, 6 ग्रॅम. पनीर शंभर ग्रॅमला 18. कोरडे सोया चंक 50 ग्रॅम, 26. आळसांदे किंवा चवळी कोरडी 50 ग्रॅम, बारा. वाटीभर वरणात मात्र सहा-सातच, म्हणून श्रावणात मासळी सुटली की नुसत्या वरण-भातावर 110 गाठता येत नाही. आळसांद्याचं तोंडाक, ताक-दही, सोया, पनीर यांची जुळणी आधीच करून ठेवा.

पहाटेच्या लांब धावेआधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. 60 ग्रॅम तांदूळ म्हणजे सुमारे 45 ग्रॅम कर्बोदकं, शिवाय पाणी आणि मीठ एकाच वाडग्यात. याहून बरं काही बाजारात नाही, हे माझं ठाम मत. पाऊण-एक तास आधी घ्या. चाळीस मिनिटांच्या बुधवारला काही न खाता गेलात तरी चालतं. 4 × 4 आणि डेडलिफ्ट उपाशीपोटी नको. 90 मिनिटांच्या पुढची धाव असेल तर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक-दोन केळी.

क्रिएटिन रोज 3 ते 5 ग्रॅम, वेळ कुठलीही. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरून एखादा किलो वाढतो, धावणाऱ्यांनी घाबरू नये. शनिवारच्या हुर्राकबद्दल (काजूची दारू) काही बोलत नाही, रविवारची धाव बोलेल.

डिचोली_डंबेल

पावसाचं काय? जून ते सप्टेंबर अर्धे दिवस बाहेर पडताच येत नाही.

पेडण्याचा_धावक

कमावलेलं टिकवायला, कमवायला लागलं त्याहून बरंच कमी लागतं. अट एकच: तीव्रता सोडायची नाही. वजनं तीच ठेवून सेट निम्म्यावर आणले आणि आठवड्यात एक-दोन सत्रंच झाली तरी ताकद महिना-दोन महिने टिकते. दमसासही दोन सत्रांवर टिकतो, त्यातलं एक जोरदार असेल तर. म्हणजे पावसात मंगळवार, गुरुवार एवढे दोन धरले तरी सप्टेंबरात शून्यापासून सुरुवात नाही.

बाहेर गेलातच तर चिऱ्यांच्या पायऱ्या आणि शेवाळलेली गटारांची झाकणं टाळा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून धावू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा) धोका असतो. बूट दोन जोड लागतात. ओल्या जोडाची आतली सोल काढून वर्तमानपत्र कोंबा, तासाभराने कागद बदला. समुद्रात पोहणं या दिवसांत विषयच नाही, लाल बावटे उगाच लावत नाहीत.

लोखंडी_नारळ

पावसाळी जिमबद्दल: बारला हात निसटतो तो घामाने आणि हवेतल्या ओलीनेही. चॉकचा गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर आठवड्यात त्याचा लगदा होतो. डेडलिफ्टला पकड सुटते म्हणून वजन अडलं असेल तर कंबर-पाय कमी पडले असं समजू नका. शेवटच्या सेटला मनगटाला बांधायचे पट्टे वापरा, बाकी सेट हाताने.

नेमकं कुठे अडलंय ते असं बघा. स्क्वॅट अडला पण बेंच वाढतोय: पायांवर धावण्याचा भार जास्त, बुधवार सायकलवर न्या. वरचं-खालचं दोन्ही अडलं, झोप मोडते, सकाळचे ठोके तीन-चार दिवस सलग नेहमीपेक्षा सहा-सात जास्त: एकूण भारच जास्त, आठवडाभर सेट निम्मे आणि रविवारची धाव दोन-तृतीयांश. असा हलका आठवडा दर चौथ्या-पाचव्या आठवड्याला तसाही घ्यावाच. वजनं वाढतायत, फक्त धाव मंदावली: आधी वरचा वाफारा यांचा प्रतिसाद वाचा, मग काळजी करा.

पारोड्याची_लेक

बाबांसाठी विचारते. वय 58, रक्तदाबाची गोळी चालू, डॉक्टरांनी "व्यायाम करा" एवढंच सांगितलंय. हाच आराखडा हलका करून चालेल?

फोंडेकरीण

ताई, आधी गोळीचं नाव बघा. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी) असेल तर ठोके नेहमीइतके वाढत नाहीत, वरची 208 ची सूत्रं त्यांना निरुपयोगी, फक्त बोलण्याची कसोटी. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हात पाणी लवकर कमी पडतं, म्हणून पहाट किंवा सूर्यास्तानंतर. मीठ-पाण्याचा वरचा सल्ला त्यांना लागू नाही, त्यांचं मीठ डॉक्टरच ठरवतील. छातीत दडपण, जबडा-हातात कळ, चक्कर यापैकी कधी काही झालं असेल तर ईसीजी आणि ताणचाचणीबद्दल विचारल्याशिवाय सुरुवात नको.

डॉक्टरांनी होकार दिला तर आठवड्यात दोन दिवस ताकद: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं 3 × 8, भिंतीवर किंवा ओट्यावर पुशअप 3 × 8, रबर बँडचा रो 3 × 10, ओट्याला धरून टाचा उचलणं 3 × 12. दर रेपला श्वास सोडत उचलायचं, श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब त्या क्षणापुरता खूप चढतो. बाकी चार दिवस अर्धा तास चालणं, सपाटीवर. उठ-बस बारापर्यंत सहज गेली की छातीशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरायची. उठल्यावर चक्कर आली तर तो दिवस तिथेच थांबवा आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवा, डॉक्टरांना तो आकडा लागेल.

डिचोली_डंबेल

शेवटचं विचारतो. आमच्या जिममधली सायकल मोडलेली, रोअर नाही. 4 × 4 कशावर करू?

पेडण्याचा_धावक

चढावर. पणजीत अल्तिन्हो, फोंड्यात फर्मागुडी. तुमच्याकडे चार मिनिटं पुरेल असा मध्यम चढ शोधा, फार उभा नको. चढावर पाऊल आपटत नाही, त्यामुळे स्नायूंची झीज सपाटीच्या वेगवान धावेपेक्षा कमी आणि ठोके मात्र लवकर वर येतात. चार मिनिटं वर, पण खाली येताना धावायचं नाही. मांडी मोडते ती उतारावर. चालत उतरायला तीनऐवजी पाच मिनिटं लागली तरी लागू द्या. पहिल्या दोन आठवड्यांत चारऐवजी तीनच फेऱ्या, आणि शेवटची फेरी पहिल्याइतक्याच खांबापर्यंत पोचली तरच चौथी जोडा.